टायरचं वय

टीव्हीवरच्या गाड्यांच्या कार्यक्रमावर माझ्या बायकोच्या मामांइतका मनापासून चिडणारा माणूस अख्ख्या कांदिवलीत दुसरा नसेल, आणि तो कार्यक्रम एकही रविवार न चुकवता बघणाराही दुसरा नसेल. मामा मरोळच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते; आता चारकोपला दोन खोल्यांत एकटे राहतात. रविवारी अंघोळ-पूजा उरकून ते टीव्हीपुढे बसतात ते पेपर तपासायला बसल्यासारखे. गॉगलवाला पोरगा "शून्य ते शंभर, सहा सेकंदांत!" म्हणाला की मामा उसळतात. "अरे, इथे नाक्यावर शून्य ते वीस व्हायला अर्धा तास लागतो! शंभरने कुठे, सासरी जातोस?" सनरूफ दाखवलं की म्हणतात, "लोकांची घरं गळतायत, आणि ह्याला गाडीला भोक पाहिजे." आणि शेवटी, कार्यक्रम संपता संपता, ते मालवणीत शिरतात: "टायर कधी बदलूचो, ता सांग रे मेल्या!" तिथे मात्र आम्ही कोणी हसत नाही.

कारण दोन वर्षांपूर्वी गणपतीला गावी जाताना त्यांच्या गाडीचा टायर फुटला, गाडी उलटली आणि शेजारी बसलेल्या मामी गेल्या. ती गाडी मुंबईतल्या कोकणी माणसाची असते तशीच होती. गणपतीला आणि शिमग्याला गावी जायची, एरवी वर्षभर सोसायटीत कव्हरखाली. ऑइल, ब्रेक, बेल्ट सगळं मामा स्वतःच्या हातांनी बघत. टायर इतके कमी पळलेले की नक्षी अगदी नव्यासारखी. निघायच्या आदल्या दिवशी हवा भरणारा म्हणाला, "काका, नऊ वर्षांचे टायर आहेत, रबर कडक झालंय. बदला." मामांनी त्याला झापलं, "नक्षी बघ, नक्षी! मला शिकवतो काय? जा, दुसरं गिऱ्हाईक शोध." नुसतं उभं राहूनही रबर म्हातारं होतं, हे लोखंडात जन्म घालवलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं. मामींना मार बसला तो जीव घेणारा. मामांचं खांद्याचं हाड मोडलं, तेवढंच. "टीव्हीवर एकदा तरी कोणी सांगायला हवं होतं," असं ते म्हणतात. हवावाल्याने सांगितलंच होतं, हे मी कधी तोंडातून काढलं नाही. त्यांना ते माझ्याआधी कळलेलं आहे. मला तर वाटतं, ते ओरडतात ते टीव्हीवर नव्हेच.

त्यांना हवा असलेला कार्यक्रम त्यांनी शाळेच्या वहीत उतरवून काढला होता. गॉगल नाही, संगीत नाही, समुद्रकिनारा नाही. हाताला ग्रीस लागलेला एक पोक्त माणूस आणि एक जुनी गाडी. जॅक नेमका कुठे लावायचा, स्टेपनीत हवा आहे का, घाटात उतरताना गिअर कुठला. असे बावन्न भाग, आणि पहिला भाग 'टायरचं वय'. टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे त्याच्या कडेला असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे, एवढंच त्यात सांगायचं. चॅनेलला त्यांनी वीसेक पत्रं धाडली. टाइप मी केली, शुद्धलेखनावरून शिव्याही मीच खाल्ल्या.

शेवटी चॅनेलची एक मुलगी कॅमेरा घेऊन आली. मामांनी एक टायर साबणाने धुऊन टीपॉयवर ठेवला होता. चार आकडे त्यांनी तिला तीनदा समजावले. मग तिने हळूच विचारलं, "काका, काकूंची शेवटची आठवण?" आणि मामा रडले. मी त्यांना रडताना तेव्हा प्रथमच पाहिलं, मामींच्या अंत्यविधीलाही ते रडले नव्हते.

कार्यक्रम आम्ही मुलुंडला आमच्या घरी पाहिला. मामा रडताना, मामींचा फोटो, मागे बासरी. टायर कुठेच नव्हता. मामांनी त्या मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "तो भाग जरा टेक्निकल झाला होता, काका. पण रिस्पॉन्स खूप छान आहे!" रिस्पॉन्स खरंच होता. नातेवाइकांचे फोनवर फोन चालू होते. मीही केला. म्हणालो, "मामा, रडवलंत."

"ते राहू दे," मामा म्हणाले. "तुमच्या टायरवरचं साल बघितलंत?"

"हो," मी म्हणालो.

"किती निघालं?"

दोन वर्षं मी ती पत्रं टाइप करत होतो, आणि एकदाही खाली जाऊन वाकलो नव्हतो. आता शिव्या पडणार म्हणून वाट बघत राहिलो. त्या आल्या नाहीत.

"जा, बघून या," ते म्हणाले. "मी थांबतो फोनवर."

फोन कानाला लावूनच मी पार्किंगमध्ये गेलो, गुडघे टेकले, चिखल बोटाने पुसला आणि आकडे वाचून दाखवले. साल माझ्या मुलीच्या जन्माचं होतं. मुलगी आता तिसरीत आहे. गाडी तेव्हाच घेतलेली. फारशी कुठे नेली नाही म्हणून नक्षी छान होती.

मामांनी ते आकडे माझ्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतले.

"बदला, जावयबापू," ते म्हणाले. "आमच्या भाचीला शेजारी बसवून नेता तुम्ही."