लिन-साननी मास्क लावला नाही

योकोहामात आमच्या स्टेशनाजवळ लिन-सानचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. बारा वर्षांपूर्वी मी पुण्याहून आले, ब्लाउज सैल करून घ्यायला तिथे गेले आणि हळूहळू आमची मैत्री झाली. त्या बीजिंगच्या. एक्याण्णव साली शिकायला आल्या, इथेच संसार केला. नवरा वारला. मुलगी मिका नोकरीनिमित्त वेगळी राहते. दर रविवारी त्या आईला फोन करायच्या. मला एवढंच ठाऊक होतं.

यंदा मार्चमध्ये त्यांची आई गेली. मी भेटायला गेले तर म्हणाल्या, "नेत्रा-सान, मला एक धाकटा भाऊ होता."

वेई त्याचं नाव. वय एकोणीस. एकोणनव्वद साली लोकशाही मागणारे विद्यार्थी तिआनमेन चौकात बसले होते, त्यांना हा पाणी नेऊन द्यायचा. तीन जूनला दुपारी गेला तो परतलाच नाही. त्या रात्री लष्कराने गोळ्या झाडल्या होत्या. तिसऱ्या दिवशी तो वडिलांना एका हॉस्पिटलात सापडला. जमिनीवर, इतर मृतांच्या रांगेत.

"आईने बजावलं, कुणापाशी बोलायचं नाही. मी इथे तोंड उघडलं असतं तर तिथे तिला त्रास झाला असता. छत्तीस वर्षं आम्ही त्याचं नावसुद्धा घेतलं नाही." त्या म्हणाल्या, "आता आई नाही."

चार जूनला दुकान बंद ठेवून त्या मला टोकियोला घेऊन गेल्या. एका स्टेशनासमोर त्या गोळीबारातल्या मृतांना आठवायला पन्नास-साठ माणसं जमली होती, बहुतेक चिनी तरुण, सगळ्यांचे चेहरे झाकलेले. एका मुलीने लिन-सानपुढे मास्क धरला आणि समोरच्या फुटपाथकडे मान केली. तिथे कुणीतरी फोटो काढत होतं.

"मावशी, लावा."

"तू लाव, बाळ. तुझे आईवडील चीनमध्ये आहेत. माझं आता तिथे कुणी नाही."

त्या माइकपाशी गेल्या. भावाचं नाव, वय आणि बीजिंगमधली गल्ली, एवढंच चिनीत बोलल्या. परतताना मी त्यांचा हात धरला.

त्या दिवसानंतर दोन जुनी चिनी गिऱ्हाइकं यायची बंद झाली. लिन-सानना मात्र काळजी मिकाची होती; तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. रविवारी ती जेवायला येणार होती, आणि एकटीने सांगायचं धैर्य होत नव्हतं म्हणून त्यांनी मलाही बोलावलं.

मिका ऐकता ऐकता पांढरीफटक पडली. "मला मामा होता? आणि तू इतकी वर्षं..." ती उठून खिडकीपाशी गेली. मग तिने जपानीत हळूच विचारलं, "कसा होता गं?"

"फार बडबड्या," लिन-सान म्हणाल्या. "आणि भूक जराही सोसायची नाही त्याला."

मिका परत येऊन आईशेजारी बसली.