गुणाजी तळपायांनी ऐकायचा

गिरणी संप मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलेलं आठवत नाही. त्या हिशेबाने आमच्या लालबागच्या चाळीतला गुणाजी परब चाळीस वर्षं संपावर आहे. संपावर असताना त्याने जेवढं काम केलं तेवढं कामावर असताना केलं असतं, तर मालकाने गिरणी बंद करायचं नावच काढलं नसतं, असं चाळीत म्हणतात. गुणाजीच्या तोंडावरसुद्धा म्हणतात. तो हसत नाही. रागावतही नाही. तो एकूण चेहऱ्याचा वापरच कमी करतो.

एकोणिसाव्या वर्षी तो मालवणहून येऊन साचेखात्यात लागला. साचा म्हणजे माग. असे शेकड्याने साचे एका छपराखाली धडधडत, त्यामुळे तिथे बोलणं ही गोष्टच नव्हती. माणसं ओठ हलवत आणि समोरची माणसं ते वाचत. "तंबाखू आहे का" पासून "तुझ्या मेव्हण्याचं लग्न मोडलं" पर्यंत सगळा संसार बिनआवाजी चाले. साताठ वर्षांत गुणाजीचे कान गेले ते गेलेच. पण साचेवाल्याचं कानावाचून अडत नाही. चार साचे सांभाळणारा माणूस दोनांकडे तोंड करून उभा असतो आणि दोन त्याच्या पाठीमागे असतात. पाठचा कुठला साचा कुरकुरतोय हे त्याला जमिनीतून कळतं. म्हणून गुणाजी साच्यावर अनवाणी उभा राहायचा. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, म्हणायचा, "ह्याचे कान पायाला आहेत, टोपी पायातच घालत जा."

मग ब्याऐंशी साल आलं आणि जमीन हलायची थांबली. त्या वेळी काय वाटलं, असं त्याला पुष्कळांनी विचारलंय. पेपरवाले विचारून गेले, एक बाई कॅमेरा घेऊन आली होती. गुणाजीने प्रत्येकाला सांगितलं, "काय वाटायचंय. साचा बंद झाला." बाईने कॅमेरा आणखी जवळ आणला. गुणाजीने तिला चहा दिला.

पाच-सहा वर्षं त्याने कॉटन ग्रीनच्या गोदामात कापसाच्या गाठी उचलल्या. पुढे परळच्या गल्लीत भिवा सावंताने गाड्यांना टेपरेकॉर्डर बसवायचं दुकान काढलं आणि गुणाजीला वायरी ओढायला ठेवलं. दुकानाचं नाव मुलाच्या नावावरून, "उत्तम कार साउंड". एकदा भिवा एका टॅक्सीत खोकं ठोकून त्यात मोठा स्पीकर बसवत होता. गुणाजी मागच्या सीटवर चपला काढून बसला होता. तो म्हणाला, "डाव्या बाजूचा खालचा स्क्रू ढिला आहे." बघितलं तर होता. भिवाने त्या दिवशी वायरी ओढायचं काम दुसऱ्याला दिलं. बहिऱ्या माणसाला आवाज तपासायला ठेवणारं मुंबईतलं हे एकमेव दुकान असावं, पण गिऱ्हाईक लांबून यायला लागलं.

त्याची पद्धत ठरलेली होती. गाडीत चढायचं, चपला बाहेर. दोन्ही तळपाय पत्र्यावर सपाट. गाणं लावायचं. मग सबवूफरच्या खोक्यावरचा गेनचा, म्हणजे आवाजाचा जोर ठरवणारा, छोटा स्क्रू पेचकसाने तीळतीळ फिरवायचा. आवाजाची धमक घोट्यापर्यंत आली की थांबायचं. गुडघ्यापर्यंत आली तर जास्त झाली. तळव्यालाच राहिली तर कमी. हा घोट्याचा नियम गुणाजीने स्वतः काढला होता आणि तो कधी चुकला नाही. भिवा वारला, उत्तम गल्ल्यावर बसला, टेप गेले, सीडी गेल्या, गाडीत टीव्हीएवढे पडदे आले. घोटा तोच राहिला.

आता गुणाजी सहासष्ट वर्षांचा आहे. गेल्या पावसाळ्यानंतर वरळी कोळीवाड्यातला जगन त्याची नवी जीप घेऊन दुकानात आला. ही जीप नद्या ओलांडते, खडक चढते, वाळूत रुतत नाही, असं कंपनी सांगते. जगनने तिच्यावर आजवर चढलेला सगळ्यात उंच डोंगर म्हणजे परळचा पूल. पण भाऊच्या धक्क्यावर पहाटे ती उभी राहिली की बाकीचे टेम्पो लाजतात, आणि गाडी घेण्यामागे एवढं कारण पुरेसं असतं.

"मामा, कंपनीचा आवाज बघ ना," जगन म्हणाला. "वरचं छप्पर काढलं की सगळा वाऱ्यावर जातो. डासासारखा वाजतो. पुढच्या रविवारी नलूची हळद आहे. गाडी दारात उभी करणार, वाजलं पायजे."

नलू त्याची बहीण. हळद दहा दिवसांवर होती.

कंपनीचा पडदा बदलायचा नाही आणि कंपनीची वायर कापायची नाही, नाहीतर वॉरंटी जाते. म्हणून मागच्या स्पीकरच्या वायरीला कपलर, म्हणजे न कापता अडकवायचा जोड, लावून त्यातून सिग्नल घेतला. ड्रायव्हरच्या सीटखाली ताटाएवढा चपटा सबवूफर बसवला. बॅटरीपासून जाड वायर आणली, बॅटरीजवळ हातभर अंतरात फ्यूज टाकला, अर्थिंगसाठी पत्र्याचा रंग खरवडून चकचकीत लोखंडावर नट आवळला. हे सगळं गुणाजीने केलं आणि नेहमीसारखं सुरेख केलं. मग तो चपला काढून छप्पर उतरवलेल्या जीपमध्ये चढला, गाणं लावलं आणि उभा राहिला.

बराच वेळ उभा राहिला. पेचकस फिरवला. पुन्हा उभा राहिला. पुन्हा फिरवला.

"झालं," तो म्हणाला.

दोन दिवसांनी जगन परत आला. "मामा, भारी आहे, पण जास्त झालंय. आय दोरीवर बोंबील वाळत घालते ना, मी गाडी चालू केली की बोंबील पोहायला लागतात. कमी कर."

गुणाजी चढला, उभा राहिला, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. त्याला पायाशी काहीच लागेना. गिऱ्हाईक म्हणतंय जास्त, जमीन म्हणतेय नाही. जुना साचेवाला गिऱ्हाईकाचं ऐकणार की जमिनीचं? त्याने स्क्रू फिरवला. वाढवला.

तिसऱ्या वेळी जगन आला तेव्हा जीपचा आतला आरसा त्याच्या हातात होता.

"हा आपोआप पडला," तो म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नको मामा, पण शेजारचा दगडू म्हणतो, हळदीला जागा कमी पडली तर गाडी चालू करा, घर पडलं की मांडवाला मैदान होईल."

गुणाजीने पुन्हा अर्धा तास घेतला आणि गाडी पुन्हा तशीच गेली. ती गेल्यावर उत्तम गुणाजीसमोर येऊन उभा राहिला, उजेडात, ओठ दिसतील असा. हे त्याला वडलांनी शिकवलेलं.

"मामा, माझ्याकडे माइक आलाय. मोबाइलला लावला की रेषा दाखवतो, कुठे जास्त, कुठे कमी. शुक्रवारी जगन परत येईल, तेव्हाही जमलं नाही तर मी त्याने लावणार. मग पुढच्या सगळ्या गाड्या त्यानेच. तुम्ही आत बाकड्यावर बसून कपलर बनवा."

"कपलर कोण पण बनवतो," गुणाजी म्हणाला.

"तेच म्हणतोय. शुक्रवारी नीट लावा."

त्या संध्याकाळी गुणाजी घरी गेला आणि स्वयंपाकघरापर्यंत चालत गेला. मंजुळा, त्याची बायको, मासे साफ करत होती. तिने त्याच्या मागची फरशी बघितली. उंबऱ्यापासून चुलीपर्यंत एकाआड एक तांबडे ठिपके होते.

"पायाक काय झाला तुमच्या?"

"काय नाय."

तिने त्याला खाली बसवून उजवा पाय उचलला. तळव्यात एक स्क्रू होता, पत्र्यात घालतात तो, डोक्यापर्यंत आत गेलेला. दुकानातला. त्याच्यावर चपला घालून गुणाजी परळहून लालबागपर्यंत चालत आला होता, वाटेत कोथिंबीर घेऊन.

"तुमका कळला नाय?"

गुणाजी स्क्रूकडे बघत होता. "पाऊण इंची आहे," तो म्हणाला.

मंजुळा त्याच गिरणीत वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात, होती. तिला माणसाचं न बोललेलं वाचता येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याला इस्पितळात घेऊन गेली. तिथे एका तरुण डॉक्टरीणबाईने जखम बांधली, मग लोखंडी चिमट्यासारखी एक वस्तू काढून तळहातावर आपटली आणि तिचं टोक गुणाजीच्या अंगठ्यावर टेकवलं.

"थरथर लागतेय का बाबा?"

गिरणीतल्या जुन्या साचेवाल्याला थरथर लागतेय का, असं विचारणं म्हणजे कोळणीला हा मासा आहे का, असं विचारणं. गुणाजीने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिच्या भुवया किंचित वर गेल्या.

"हो," तो म्हणाला.

घोट्याला टेकवलं. भुवया वर. "हो." डावा पाय. "हो." मग बाईंनी ती वस्तू आपटली, पण बोटांनी धरून गप्प केली आणि तशीच मेलेली अंगठ्यावर ठेवली. भुवया मात्र वर केल्या.

"लागतेय?"

"चांगली लागतेय."

बाईंनी वस्तू खिशात टाकली. मंजुळा म्हणाली, "डॉक्टरीणबाई, हे तुमचा तोंड वाचतत."

साखरेचा आजार चौदा वर्षांचा होता. पायांची जाणीव हळूहळू जात होती आणि बहुतेक गेलीच होती. बाईंनी समोर बसून सावकाश सांगितलं, म्हणजे ओठ नीट दिसावेत. आजपासून अनवाणी एक पाऊल नाही. घरातसुद्धा नाही. पुन्हा काही घुसलं, कळलं नाही आणि चिघळलं, तर आधी बोटं काढावी लागतील, मग पाऊल. मऊ बूट घ्यायचे, ते झोपतानाच काढायचे.

"बरं," गुणाजी म्हणाला. गिरणीच्या फाटकावर टाळं बघून तो असंच म्हणाला असणार.

बूट आणले. एक जोड बाहेरचा आणि एक घरातला. घरातल्या जोडाचा प्रश्न देवामुळे आला, कारण देव्हारा चुलीशेजारीच. मंजुळाने दोन दिवस विचार केला आणि देवालाच पडदा लावला. गुणाजी घरात असेल तेव्हा देव आत, गुणाजी दुकानात गेला की देव मोकळे. चाळीतल्या रमाबाईंनी हे ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्याकडे उलट आहे. आमचे हे घरात असले की मीच पडद्याआड असते."

शुक्रवारी जीप चौथ्यांदा आली. उत्तमने बोनेटवर माइकचा स्टँड ठेवलाच होता, सरकारी साक्षीदारासारखा. पण जगन त्याकडे वळलाच नाही.

"मला ते रेषाबिषा नको. बापाचा टेम्पो मामाने लावलेला, बारा वर्षं कुणाची तक्रार नाय. मामा, चढ. शेवटचं बघ. परवा हळद आहे."

उत्तमने बाजूला होऊन वाट दिली. गुणाजी जीपपाशी गेला, वाकला आणि उजव्या बुटाची नाडी धरली.

ती त्याला सोडता येत होती. चढायचं, उभं राहायचं, मग स्क्रू अंदाजाने निम्म्यावर आणायचा. तीन वेळा वाढवलेलं त्याला माहीत होतं, तेव्हा निम्मं म्हणजे जवळपास बरोबर आलं असतं. जगनने वा म्हटलं असतं. उत्तमने माइक आत ठेवला असता. पुढच्या गाडीला पुन्हा अंदाज, त्याच्या पुढच्या गाडीला पुन्हा. नाडी हातात धरून तो इतका वेळ वाकलेला होता की जगनला वाटलं, मामाची कंबर धरली.

मग गुणाजी नाडी न सोडता सरळ झाला.

"माझे पाय गेले, उत्तम," तो म्हणाला. "तीन वेळा मला काही लागलं नाही. म्हणून वाढवत गेलो."

उत्तमने त्याच्या बुटांकडे बघितलं. "मग सांगितलं का नाही?"

"सांगून काय झालं असतं?"

"मी काही तुम्हाला काढलं नसतं."

"बाकड्यावर बसवलं असतंस."

उत्तम माइकची वायर बोटाला गुंडाळत राहिला. गुणाजीने जगनकडे बघितलं.

"चप्पल काढ. तू चढ."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"बोटीचं इंजिन बिघडायला लागलं की तुला कधी कळतं?"

"आधीच. फळीला लागतं ना पायाशी. आवाज तर नंतर बदलतो."

"मग चढ."

जगन चढला. छप्पर काढलेलं होतं, त्यामुळे तो जीपमध्ये उभा राहिला तो निवडणुकीच्या उमेदवारासारखा. गुणाजी दाराशी गुडघ्यावर बसला, सीटखाली हात घातला. उत्तमने एक हळदीचं गाणं लावलं.

"सांग," गुणाजी म्हणाला आणि त्याच्या ओठांकडे मान वर करून बघत राहिला.

"डाव्या पायाला जास्त येतंय."

गुणाजीने सीटचा डावा नट चाचपला. ढिला होता. आवळला.

"आता सारखं आहे. पण मांडीपर्यंत चढतंय, मामा. पोटात येतंय."

पेचकस फिरला. "आता?"

"गुडघा."

"गुडघा म्हणजे जास्त. उभा राहा. हलू नको." पेचकस फिरला. "आता?"

"पोटरी."

"आता?"

जगन खाली स्वतःच्या पायांकडे बघत होता. मग म्हणाला, "घोटा. घोट्याला येऊन थांबतंय."

"तिथेच ठेव," गुणाजी स्वतःच्या हाताला म्हणाला आणि पेचकस काढून घेतला.

उत्तमने माइकवर रेषा बघितल्या की नाही, ते त्याने सांगितलं नाही. त्याने स्टँड घडी करून आत नेला. परत येताना त्याच्या हातात स्टूल होतं. ते त्याने आतल्या बाकड्यापाशी नाही, बाहेर गाड्या उभ्या राहतात तिथे ठेवलं.

"मामा, उद्या दहाला एक टॅक्सी आहे," तो म्हणाला. "ड्रायव्हरला चप्पल काढायला तुम्ही सांगा. माझं ऐकायचा नाही."

गुणाजीने मान हलवली. स्टुलावर बसला नाही, खाली पडलेले स्क्रू गोळा करून डब्यात टाकले आणि घरी निघाला.

देवाचा पडदा ओढून मंजुळाने त्याला आत घेतलं. "काय झाला?"

"सांगलंय उत्तमाक."

"मगे?"

"मगे काय. उद्या धा वाजता जाऊचा आसा."

तिने ताट वाढलं. थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे बघितलं, पण तिथे वाचण्यासारखं काही नव्हतं.

"तुमका वायट नाय वाटला?"

गुणाजीने घास थांबवला. शोधून बघितलं असावं, कारण बराच वेळ लागला.

"नाय," तो म्हणाला. "काय वाटूक नाय. भात वाढ."