पन्नास पैशांच्या आतला पिक्चर

आमच्याकडं पिकाचा अंदाज पैशांत सांगतात. शंभर पैसे म्हणजे भरलेलं पीक. गावाची पैसेवारी पन्नासच्या आत आली की ते गाव टंचाईत धरलं जातं आणि मग काही ना काही सवलती मिळतात. मी कृषी सहायक आहे. नोकरीची बरीचशी वर्षं हे अंदाज काढण्यात आणि ते लोकांना समजावून सांगण्यात गेली. घरातही तीच भाषा झाली. भाजी कशी झाली म्हटलं तर मी साठ पैसे म्हणतो आणि बायको ताट उचलते. त्यामुळं सोलापूरच्या थिएटरातून बाहेर पडताना मुलीनं पिक्चर कसा वाटला असं विचारलं नाही. ती म्हणाली, "पप्पा, किती पैसे?"

तो पिक्चर एका व्हिडिओ गेमवर काढलेला होता, सगळा कॉम्प्युटरवर हलवलेल्या चित्रांचा. मुलगी पुण्यात ॲनिमेशन शिकली आणि तिथल्याच एका स्टुडिओत कराराच्या कामावर लागली. या पिक्चरचा एक तुकडा परदेशातून त्यांच्या स्टुडिओकडं आला होता. नायक, राक्षस, लढाया दुसऱ्यांकडं. हिच्याकडं गवत, झाडपाला आणि एक पिकाचं रान. काम संपलं तसा करारही संपला. पिक्चर चालला तर दुसरा भाग निघेल आणि तुम्हालाच परत बोलावू, असं त्यांनी सांगितलं होतं. बाकीच्या स्टुडिओंमध्ये तिनं विचारून पाहिलं. पानं-गवताचं काम आता बरंचसं मशीनच करतं, माणसं कमी करतोय, असंच उत्तर सगळीकडून आलं. म्हणजे पिक्चर चालण्यावरच सगळं होतं. सामान घेऊन ती धाराशिवला घरी आली आणि वाट बघत बसली.

पिक्चर लागला तसं गेम खेळणारे लोक मोबाइलवर लिहू लागले. गेम दिसायला जास्त चांगला आहे, पिक्चरची माणसं लाकडी आहेत, असं. ती चहा घेताना ते वाचायची आणि चहा तसाच राहायचा. बायकोनं एकदा मोबाइल काढून घेतला. थोड्या वेळानं तिनंच तो परत दिला, कारण पुण्याहून फोन आला तर कळणार कसं.

माझे थोरले बंधू बेंबळीला शेती बघतात. ते त्या आठवड्यात घरी आले होते. सगळं ऐकून म्हणाले, "मग बरंच हाय की. कमीच लागू दे. पन्नासच्या आत आलं तर अनुदान तरी मिळंल पोरीला."

मुलगी हसली. "मोठे पप्पा, अनुदान तुम्हाला. मला नारळ."

"नारळ तर नारळ. चटणी करू," ते म्हणाले. त्या आठवड्यात घरात झालेला विनोद तेवढाच.

धाराशिवला तो पिक्चर आला नाही. सोलापूरला हिंदीतून लागला, तोही एकाच थिएटरात दुपारचा खेळ. जायचं ठरलं तेव्हा तिनं मला आधी तो गेम दाखवला. एक शिपाई डोंगरदऱ्यांतून पळतो आणि समोर येईल त्याला कापतो. मला त्यात काही खोट दिसली नाही, तसं मी म्हणालो. ती म्हणाली, गेममध्ये आपण स्वतःच पळत असतो, बोटं चालू असतात, म्हणून पाय जमिनीवर सरकले तरी लक्षात येत नाही. पिक्चरमध्ये नुसतं बसून बघायचं असतं, मग सगळं दिसतं. हे तिनं सांगितलं नसतं तर मी पायांकडं बघितलं असतं की नाही, सांगता येत नाही.

पीक कापणी प्रयोगात एक शिस्त असते. कुठला तुकडा कापायचा हे आम्ही ठरवत नाही, आकड्यांचा तक्ता ठरवतो. शेतकरी बांधावरून सांगत असतो, साहेब तिकडं घ्या, इकडं पाणी तुंबलं होतं. पण खुंट्या जिथं पडायच्या तिथंच पडतात. डोळ्याला बरा वाटेल तो तुकडा घेतला की अंदाज फसतो. पिक्चर बघतानाही मला दुसरी रीत सुचली नाही. पडद्याचे मनात चार भाग केले आणि खुर्चीच्या आकड्यावरून खालचा डावा भाग घेतला. बायको कानाशी म्हणाली, "अहो, तोंडं वर हायत, तुम्ही खाली काय बघताय?" मी म्हणालो, बघू दे.

खालच्या डाव्या कोपऱ्यात पायच जास्त येतात. शिपाई चालत होता, पण त्याचं वजन जमिनीवर पडत नव्हतं. टाच टेकल्यावर पाय पुढं घसरायचा, ओल्या फरशीवर घसरावा तसा. नंतर त्यानं जखमी सोबत्याला पाठीवर घेतलं, तरी चाल तीच राहिली. ओझं घेतलेला माणूस गुडघ्यात वाकतो, पाऊल रुंद टाकतो. राक्षस आला, केवढा तरी मोठा. त्याच्या पायाखालचं गवत मोडलं नाही. एका प्रसंगात बाजारातली माणसं होती आणि ती सगळी एकाच वेळी मान वळवत होती. मी मनाशी आकडा धरत गेलो आणि तो खाली येत गेला.

मग ते रान आलं. तिनं माझ्या हाताला नुसता हात लावला. मी तुकडाबिकडा विसरून सगळा पडदा बघितला. शाळूचं नव्हतं, कुठलं तरी परक्या मुलखातलं पिवळं पीक होतं, पण हलत होतं ते आमच्या बेंबळीच्या शाळूसारखं. वारा एका अंगानं आला. पुढची कणसं आधी वाकली, मागची जरा उशिरानं, आणि वारा गेल्यावर जड कणसं हलक्या कणसांपेक्षा सावकाश थांबली. बांधाकडची ताटं बुटकी होती, असतात तशी. दोन हिवाळ्यांपूर्वी ती आमच्या रानात मोबाइल धरून दुपारभर उभी होती. चित्र काढायचं आहे म्हणाली होती. मला वाटलं होतं, हौसेनं रानाचे फोटो काढत असेल.

शिंक यावी आणि जावी, तेवढ्यात ते रान गेलं. त्यातून शिपाई पळाला, मागून आग आली, धूर झाला आणि पुढचं काही दिसलं नाही.

शेवटी काळ्या पडद्यावर नावं सुरू झाली. तिचं नाव बरंच खाली आहे, असं तिनं सांगितलं होतं. आम्ही बसून राहिलो. नावं निम्मीही झाली नव्हती, तोच दिवे लागले आणि पडदा पांढरा झाला. मी दारावरच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, नावं कुणी बघत नाही, पुढच्या खेळाची झाडलोट असते. मी म्हणालो, आम्ही बघत होतो. त्यानं खांदे उडवले. मुलगीच म्हणाली, चला पप्पा.

आणि बाहेर तिनं तो आकडा विचारला.

एरवी मी आकडा लगेच सांगतो. तिथं थांबलो. पन्नासावर न्यावं असं फार वाटत होतं. बायको म्हणतच होती की तोंडं चांगली होती, तो सोबती मरताना मला रडू आलं. माझ्या तुकड्यात तोंडं आली नव्हती, हे खरं होतं. त्याचे थोडे वाढवून बघितले. पण पाय घसरत होते ते घसरतच होते.

"पंचेचाळीस," मी म्हणालो.

"आणि माझं रान?"

"ऐंशीच्या खाली लावणार नाही."

तिचा चेहरा जरा उजळला. बायको म्हणाली, मग झालं तर. मीही बोलत सुटलो. ज्याचं काम त्याला कळतं, ते लोक काम वेगळं काढून बघतीलच, रान कुणी केलं हे विचारतीलच. बसस्टँडपर्यंत मी तेच सांगत होतो. तिनं सगळं ऐकून घेतलं. तुळजापूरवरून धाराशिवला जाणारी बस लागली, आम्ही आत बसलो, मग ती म्हणाली,

"पप्पा, एकाचं रान चांगलं असलं म्हणून तुम्ही गावाची पैसेवारी बदलता का?"

कंडक्टर आला, मी तीन तिकिटं काढली.

"सरासरी गावाची असते, असं तुम्हीच सांगता लोकांना. आणि आमच्याकडं पन्नासच्या आत आलं तर सवलत नसते. गावच पडीक टाकतात."

हे वाक्य मी किती बांधांवर उभा राहून बोललो आहे. सरासरी गावाची, तुमच्या रानाची नाही. लोक वाद घालायचे, काही जण शिव्याही द्यायचे, आणि मला वाटायचं की आकडा समजत नाही म्हणून चिडतात. त्यांना आकडा चांगला समजत असणार. खिडकीकडं तोंड करून ती बसली होती. बायकोनं डब्यातली धपाटी काढली. ती आम्ही दोघांनीच खाल्ली.

पुण्याहून फोन आला तो पंधरवड्यानंतर. तिच्या टीमचा जो प्रमुख होता त्याचाच. दुसरा भाग निघणार नाही, स्टुडिओचा तो विभागच बंद होतोय, माझंही आता बघावं लागेल, असं तो म्हणाला. रानाचं काम वरच्यांना आवडलं होतं का, असं तिनं विचारलं. त्याला वाटत होतं, आवडलं असावं. नक्की कुणी काही बोललं नव्हतं. फोन ठेवून ती आत गेली आणि वाळत घातलेले कपडे घड्या करू लागली. मी म्हणालो, वर्षभर थांब, काहीतरी निघेल. कशाच्या आधारावर म्हणालो, ते मला सांगता आलं नसतं.

आता ती गावातल्याच एका फोटो स्टुडिओत जाते. लग्नाचे अल्बम करते. नवरा-नवरीच्या मागचा मांडव, खुर्च्या, पाहुण्यांची डोकी काढून टाकायची आणि तिथं तयार देखावा लावायचा. लोकांना फुलांची रानं फार आवडतात, असं ती सांगते. परवा मी तिला डबा द्यायला गेलो तेव्हा स्क्रीनवर एक जोडपं होतं आणि त्यांच्यामागं लांबवर पिवळी फुलं. सगळी एका उंचीची, एकाच बाजूला तोंड केलेली. मी सवयीनं खालच्या कोपऱ्यात बघत राहिलो. नवरीचा पदर वाऱ्यावर उडत होता आणि फुलं सरळ उभी होती. तेवढं मी बोललो.

"हे हलायचं नसतंय, पप्पा," ती म्हणाली, आणि पुढचा फोटो घेतला.