घणमामा आणि उरलेल्या अकरा पिना

घणमामा रिजेक्ट झालेला माल परत पाठवत नसत. फोडत.

पुरवठादाराला समोर उभं करायचं, त्याच्या डोळ्यांदेखत सात किलोचा घण डोक्यावर न्यायचा आणि एकेका हुकाचा कपाळमोक्ष करायचा, ही त्यांची चौदा वर्षांची पद्धत. कारण अनुभवाचं होतं. वाईट हूक परत पाठवला की तो रंगाची अंघोळ करून, नवा लॉट नंबर लावून पुढच्या आठवड्यात पुन्हा दारात हजर. फोडलेला हूक मात्र येत नाही. म्हणून कारखान्यातल्या धाकट्या-थोरल्या सगळ्यांनी त्यांचं नाव घणमामा ठेवलं होतं, आणि खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं होतं.

कारखाना होइस्टचा, मामा तिथले माल-तपासनीस. होइस्ट म्हणजे छताला टांगून अवजड ओझी उचलणारं विजेचं यंत्र. त्याच्या हुकाला पेलून धरते अंगठ्याएवढी एक पिन. ही पिन तुटली, तर वरचं ओझं खाली काय करतं हे सांगायला खालचा माणूस सहसा उरत नाही. पिना बाहेरच्या भट्ट्यांतून यायच्या. प्रत्येक लॉटमधली एक मामा घणाखाली घालायचे. ती टिकली की तिच्यासकट सगळा लॉट पास.

आणि हे सगळं मामांच्या संगणकावरच्या शीटमध्ये. कोण पुरवठादार, कुठला लॉट, पास की फोडला. लाल म्हणजे फोडला, पिवळा म्हणजे दम देऊन घेतला, आणि एक जांभळा रंग होता, त्याचा अर्थ मामांनाही आठवत नव्हता, पण काढायची छाती होत नव्हती. दरवर्षी नवी शीट. तिची एक प्रत गोदामात, एक खरेदीवाल्यांकडे. तिन्ही प्रती सख्ख्या भावांसारख्या होत्या, म्हणजे आपसांत कशातच एकमत नाही.

वर्षभरापूर्वी हापिसात एक मुलगी आली. तिला सगळे संगणकताई म्हणायचे. तिचं म्हणणं, हे सगळं डेटाबेसमध्ये घालूया. एक लॉट एकदाच लिहायचा, तो पुरवठादाराला बांधलेला राहतो, कुठल्या होइस्टमध्ये गेला त्यालाही बांधलेला राहतो, गाठ सुटत नाही. मामांनी ऐकून घेतलं, घण तिच्या टेबलावर अलगद ठेवला आणि विचारलं, की हे तुझं यंत्र पहिल्या घावाला टिकतं का दुसऱ्या. ताई घाबरली नाही. तिने घणाखाली एक कागद सरकवला, टेबलाला ओरखडा नको म्हणून. त्यानंतर मामांनी तिला मनातल्या मनात थोडा मान द्यायला सुरुवात केली, पण डेटाबेसला नाही.

ज्या सोमवारी हे सगळं फाटलं, त्याच्या आधीच्या सोमवारी साहेबांनी मीटिंगसाठी पुरवठादारांची नावं अकारविल्हे मागितली होती. मामांनी नावांचा रकाना धरला आणि क्रम लाव म्हणून हुकूम दिला. यंत्राने विचारलं, बाजूचे रकानेही सोबत हलवू का? मामांचा स्वभाव पहिल्यापासून दुसऱ्याला त्रास न देण्याचा. बाकीच्यांना कशाला उगाच हलवायचं, असं म्हणून त्यांनी ‘नाही’वर टिचकी मारली.

आठवड्याने चाचणीच्या ओट्यावर एक नवा होइस्ट टांगला होता. ओट्यावर मामांचा मेहुणा, म्हणजे मामींचा पाठचा भाऊ. वजन चढलं, साखळी ताणली गेली आणि बंदूक सुटावी तसा आवाज झाला. पिन मधोमध तुटली. हूक फिरत आला, ओट्याचा पत्रा फाडला आणि मेहुण्याच्या डाव्या हाताची दोन बोटं घेऊन भिंतीत घुसला. भिंतीला वीतभर खड्डा पडला. रक्ताची चिळकांडी छतापर्यंत गेली होती. मामांनी त्याचा हात आपल्या शर्टात गुंडाळला, मेहुण्याला खांद्यावर टाकलं आणि दवाखान्यात नेलं.

परत येऊन त्यांनी तुटलेल्या पिनेचं तोंड पाहिलं. आतून मिठाच्या खड्यासारखी करकरीत, चमचमती. पाणी चुकीचं दिलेलं, म्हणजे तापवून चुकीचं गार केलेलं पोलाद असंच तुटतं, काचेसारखं. होइस्टच्या कागदावर लॉट नंबर होता. बारा पिनांचा लॉट. शीटमध्ये नंबर काढला, शेजारचं नाव वाचलं, आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाव होतं बुटक्या भट्टीवाल्याचं. सगळ्या भट्टीवाल्यांत सरळ माणूस म्हणून मामा ज्याचा दाखला द्यायचे, तोच.

घण खांद्यावर घेऊन मामा दोन गल्ल्या मागच्या त्याच्या भट्टीवर गेले. बोलणं वगैरे काही नाही. पहिला घाव पिनांच्या साच्यावर, दुसरा घाव दुसऱ्या साच्यावर. तिसरा ऐरणीवर बसला तेव्हा घण उसळून मामांच्याच गुडघ्याला लागला, पण रागात ते कळलं नाही. तेवढ्यात बुटका आतून आला. उंचीने मामांच्या छातीपर्यंत, पण पन्नास वर्षं लोखंड कुटलेला. त्याने डोकं खाली घातलं आणि बोकडासारखा मामांच्या पोटात घुसला. दोघे कोळशाच्या ढिगात पडले. मामांनी त्याचं नाक फोडलं. बुटक्याने हाताला लागली ती लांब सांडशी उचलली आणि मामांच्या खांद्यावर अशी हाणली, की गळ्याजवळचं हाड कोरड्या फांदीसारखं मोडल्याचं मामांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

चौदा वर्षं ज्यांनी दुसऱ्यांच्या मालाला चौदावं रत्न दाखवलं, त्यांना ते प्रथमच स्वतः पाहायला मिळालं.

बुटका त्यांच्या छातीवर बसला होता. नाकातलं रक्त मामांच्या तोंडावर टपकत होतं. मामांनी धापा टाकत मेहुण्याची बोटं आणि लॉट नंबर सांगितला. बुटक्याने सांडशी खाली ठेवली.

"माझी भट्टी दीड महिना बंद आहे," तो म्हणाला. "विटा बदलतोय. पिना कुठून देऊ, कानातून काढून? जा, आत डोकं घालून बघ."

मामांनी खरोखरच रांगत जाऊन भट्टीत डोकं घातलं. आत गारठा होता आणि एका कोळ्याने जाळं विणलं होतं.

त्या गार भट्टीत डोकं असतानाच त्यांना यंत्राचा तो प्रश्न आठवला. बाजूचे रकानेही सोबत हलवू का?

नावं हलली होती, लॉट जागच्या जागी राहिले होते. वर्षभराच्या शीटमध्ये आता कुणाचा माल कुणाच्या नावावर होता. एक पिन तुटली होती. अकरा उरल्या होत्या, आणि त्या कुठल्या होइस्टमध्ये बसल्या, कुणाच्या डोक्यावर टांगल्या गेल्या, हे जगात कुणालाही माहीत नव्हतं. गोदामाची प्रत म्हणे गेल्या महिन्यापासून भरलीच नाही. खरेदीवाल्यांची प्रत मामांच्याच प्रतीवरून सकाळी ताजी केलेली, म्हणजे चूकही ताजी.

दवाखान्यात मामांचा हात गळ्यात बांधला. शेजारच्या खाटेवर मेहुणा, उशाशी मामी. मामा सगळं खरं सांगून मोकळे झाले. मामींनी रडारड केली नाही. त्यांनी नवऱ्याच्या गालावर एक सणसणीत ठेवून दिली, बांधलेला हात सांभाळून, आणि विचारलं, "माझ्या भावाची दोन बोटं तुमच्या कुठल्या रकान्यात बसतात?"

मामा तिथूनच उठून संगणकताईकडे गेले.

एक गोष्ट त्यांच्या बाजूने होती. कशावरच विश्वास नसल्यामुळे त्यांनी शीट भरूनही मूळ चिठ्ठ्या कधी टाकल्या नव्हत्या. माल आल्याची चिठ्ठी, होइस्ट जोडल्याची चिठ्ठी, सगळ्या लोखंडी तारेत ओवून कपाटामागे लटकत होत्या. ताईने फक्त गेल्या दोन वर्षांच्या मागितल्या. मामा डाव्या हाताने चिठ्ठी काढून वाचायचे, ताई भरायची. डेटाबेस मोठा खाष्ट निघाला. लॉट आहे पण पुरवठादार नाही म्हटलं की तो ओळच घेईना. मामांनी एकदा, पुढे चल, मागाहून बघू, असं त्याला समजावलंही. दोन दिवस हे चाललं. मामांचा खांदा ठणकून काळानिळा झाला, गुडघ्याचा भोपळा झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताईने विचारलं, हा लॉट कुणाचा? उत्तर आलं, चष्मेवाल्या भट्टीवाल्याचा. दुसरं विचारलं, याचे आधीचे किती फोडले? सात. सात लॉट, दोन वर्षांत, तीन शीटांत विखुरलेले. मामांनी प्रत्येक वेळी फोडले आणि प्रत्येक वेळी विसरले. तिसरं विचारलं, या पिना कुठे आहेत? सात होइस्ट आपल्याच गोदामात. चार बाहेर. मामा पडद्याकडे बघत राहिले. दोन दिवस हाडं मोडून भरलेल्या चिठ्ठ्या, आणि उत्तर शिंक येते तितक्या वेळात.

बाहेरच्या तिघांनी फोन उचलला आणि यंत्रं थांबवली. चौथं होतं दगड कापणाऱ्यांचं आवार. फोन वाजत राहिला. ताई पुन्हा लावू म्हणाली, तोवर मामा घण घेऊन कंपनीच्या टेम्पोत बसले होते.

आवारात दगड कापायचं चक्र किंचाळत होतं, त्यात फोन काय, तोफ डागली असती तरी कळलं नसतं. होइस्टला दारापेक्षा मोठी फरशी टांगली होती. खाली पाच जण तिला हाताने वळवत होते. मामा ओरडले. एकाने वळून पाहिलं, हात गळ्यात बांधलेला, घण घेतलेला कुणी वेडा आलाय असं ठरवून पुन्हा कामाला लागला. मग मामांनी एका हाताने घण फिरवला आणि भिंतीवरच्या स्विचच्या पेटीचा चुराडा केला. ठिणग्या उडाल्या. चक्र थांबलं, फरशी अधांतरी लटकत राहिली.

पाचही जण त्यांच्यावर धावून आले. मुकादमाने पहिली थोबाडीत दिली. दुसऱ्याने बरोबर मोडलेल्याच खांद्यावर गुद्दा घातला. मामा खाली पडले, लाथा बसू लागल्या. तोंडातलं रक्त थुंकत ते एवढंच म्हणत राहिले, "मारा, पण इथेच मारा. तिकडे जाऊ नका."

मुकादम लाथ उगारून उभा होता तेव्हा तो बंदुकीसारखा आवाज झाला. फरशी खाली आली. जमीन हादरली, दगडाचे तुकडे सुऱ्यांसारखे उडाले, एक मुकादमाचा कान चिरून गेला. जिथे मघाशी पाच जण उभे होते तिथे आता फरशीचे पाच तुकडे होते.

मुकादमाने पाय हळूच खाली ठेवला. मग ज्याने खांद्यावर गुद्दा घातला होता, त्यानेच मामांना उठवून बसवलं.

आठवड्याने कारखान्याच्या अंगणात उरलेल्या दहा पिना मांडल्या. चष्मेवाल्याला बोलावून समोर उभं केलं होतं. पण फोडणार कोण? आवारातल्या लाथांनी दुसरा खांदाही गेला होता, मामांचे दोन्ही खांदे बांधलेले. तेव्हा फाटकातून बुटका आला, नाकावर पट्टी. मामांनी सगळ्यांसमक्ष त्याची माफी मागितली. त्याने ती घेतली की नाही ते कळलं नाही. त्याने घण घेतला.

"साचे तू मला करून देणार आहेस," तो म्हणाला. "तोवर हा माझ्याकडे."

मेहुण्याने उजव्या हाताने सांडशीत पिन धरली. बुटक्याने घाव घातला. पहिली फुटली, दुसरी फुटली, तिसरीचा तुकडा चष्मेवाल्याच्या पोटरीत रुतला आणि तो खाली बसला. कुणी विचारपूस केली नाही.

ताई खिडकीत बसून नोंदी करत होती. मध्येच तिने हाक मारली. मामा, नोंद पुढे जात नाही. हा लॉट शीटमध्ये बुटक्यांच्या नावावर का गेला होता, तो कारणाचा रकाना भरल्याशिवाय हा घेतच नाही.

शीटमध्ये कारणाचा रकाना मामा चौदा वर्षं कोरा सोडत आले होते. त्यांनी मेहुण्याच्या पट्टीकडे पाहिलं, फाटकाशी उभ्या मामींकडे पाहिलं.

"लिही," ते म्हणाले. "तपासनीसाने एकच रकाना हलवला. आणि पुढे माझं नाव घाल. घणमामा नको, पगाराच्या चिठ्ठीवरचं."

ताईला ते नाव ठाऊक नव्हतं. मामांनी सांगितलं. तिने टाइप केलं, नोंद पुढे गेली, आणि बुटक्याने चौथ्या पिनेवर घण उचलला.