एका वेळी एकच स्क्रू

शिलाई मशीन बिघडलं की लोक आधी हाताला लागतील ते सगळे स्क्रू फिरवून बघतात. मग तेल ओततात, तेही स्वयंपाकघरातलं. एवढं झालं की मशीन बाईंकडे येतं. गेली सव्वीस वर्षं बाई अशी मशीन दुरुस्त करताहेत. नवरा मशीन विकायचा; विकलेली परत येऊ लागली, तेव्हा ती उघडून बघायला त्या शिकल्या. पुढे नवरा गेला, काम राहिलं.

त्यांचा नियम एकच. एका वेळी एक स्क्रू, तोही पाव फेरा. मग वीतभर कापड शिवून बघायचं. दोन स्क्रू एकदम फिरवले, तर मशीन कशाने सुधारलं किंवा कशाने बिघडलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

दुकान दोघा भावांचं. पुढे धाकटे दीर बटणं, चेन आणि लेस विकतात. मागे खिडकीखाली बाईंचं कामाचं टेबल. गेल्या जूनमध्ये त्या टेबलावर आठवड्याला जेमतेम तीन मशीन दिसू लागली, तेव्हा दिरांनी विषय काढला.

"वहिनी, ही जागा नुसती धूळ खातेय. मी लेसचे गठ्ठे घरी पलंगाखाली ठेवतो."

"पलंगाखाली लेस चांगली राहते, भावजी."

"वर्षअखेरपर्यंत बघू. टेबल भरलेलं दिसलं तर जागा तुमची. नाहीतर मागे लेस येणार."

जागेवर दिरांचंही नाव होतं, त्यामुळे बाईंनी वाद न घालता पुढचं मशीन उघडलं. बोलली त्यांची मुलगी, ती घरी जाऊन नवऱ्याशी. जावई कॉम्प्युटरवाले. त्यांनी आठवड्याभरात सासूबाईंच्या दुकानाची वेबसाइट करून भेट दिली.

ती उघडली की बासरी वाजायची. मग दोऱ्याचं एक रीळ गरगरत यायचं आणि त्याच्यामागून मशीनवर बसलेली हसरी तरुणी. खाली लिहिलेलं: 'आपल्या शिवणयंत्राच्या सर्वांगीण समाधानासाठी कटिबद्ध.' फोन नंबर पार तळाशी, राखाडीवर राखाडी. महिनाभरात ती बघून एकच फोन आला. तो वेबसाइट बनवून देणाऱ्या एका कंपनीचा होता.

जावयाने हौसेने दिलेल्या वस्तूला नावं कशी ठेवणार? बाईंनी टेबलावरचा नियम जेवणाच्या टेबलावर आणला. दर रविवारी मुलगी-जावई जेवायला यायचे.

"जावईबापू, फार सुरेख झालीय. फक्त ती बासरी... बायका दुपारी बाळाला झोपवून शिवायला बसतात हो."

बासरी गेली.

पुढच्या रविवारी: "फोटो छानच आहे. पण त्या मुलीच्या मशीनला धागाच ओवलेला नाही. माहितगार माणूस हसेल."

तरुणीच्या जागी बाईंच्या टेबलाचा फोटो आला, तेलाच्या डागांसकट. नंतरच्या आठवड्यात नंबर वर चढला. त्यानंतर 'कटिबद्ध' जाऊन गिऱ्हाइकांच्या तोंडचे शब्द आले: टाका सुटतो? धागा तुटतो? मशीन जड चालतं? फोन आला की बाई आधी विचारायच्या, "नंबर कुठून मिळाला?" उत्तर 'वेबसाइट' असलं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक रेघ. सप्टेंबरात आठवड्याला अकरा रेघा पडू लागल्या.

जावयांना चेव आला. त्यांनी न विचारता पानाचा रंग बदलला आणि नंबराच्या जागी नऊ रकान्यांचा फॉर्म टाकला. त्या आठवड्यात रेघा दोन.

"दोन स्क्रू एकदम फिरवलेत तुम्ही," बाई बोलून गेल्या. वाढता वाढता मुलीचा हात थांबला. जावयाशी इतकं सरळ त्या कधी बोलल्या नव्हत्या.

जावई म्हणाले, "आई, तुम्हाला ती आवडली नव्हती हे मला बासरीपासून माहीत आहे. तेव्हाच सांगितलं असतंत तर एका दिवसात नवी करून दिली असती."

"म्हणून तर नाही सांगितलं. नवीही फसली असती, आणि काय फसलं ते तुम्हालाही कळलं नसतं नि मलाही."

फॉर्म काढला, नंबर परत आणला, रंग तसाच ठेवला. फोन पुन्हा सुरू झाले. रंग निर्दोष सुटला.

ऑक्टोबरातला बदल बाईंनी स्वतः लिहून दिला. 'मशीन आणण्याआधी हे बघा': सुई उलटी बसली नाही ना, धागा नीट ओवलाय ना, बॉबिनखाली धाग्यांचा कचरा साचला नाही ना.

दिरांनी ते मोबाइलवर वाचलं. "फुकट सांगून टाकलंत? वहिनी, गिऱ्हाईक हाकलायला वेबसाइट काढलीय का?"

"उलट्या सुईपायी एखादीला अख्खं मशीन उचलून आणायला लावणं बरं दिसत नाही."

दोन आठवड्यांत फोन निम्म्यावर आले. टेबलावर दोनच मशीन उरली. दिरांनी टेप आणून मागच्या भिंतीची मापं घेतली. ते पान काढू या का, असं जावयांनीही हळूच विचारलं.

"वीतभर तरी शिवून होऊ दे," बाई म्हणाल्या.

तिसऱ्या आठवड्यात एका शिवणक्लासच्या बाईंचा फोन आला. "तुमचं वाचून आमचं एक मशीन सुरू झालं. आणखी अकरा आहेत, ती काही वाचून सुरू होत नाहीत."

अकरा मशीन टेम्पोने आली. क्लासमधल्या मुलींनी दुकान बघितलं आणि मग त्यांच्या घरची मशीन येऊ लागली.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी दीर टेबल बघायला मागे निघाले, पण आत शिरायला वाट नव्हती. टेबलावर चार मशीन, टेबलाखाली सहा, खिडकीत एक. आणखी एक पुढे त्यांच्याच काउंटरवर, बटणांच्या डब्यांना खेटून.

"हे इथे कोणी ठेवलं?"

"मी. मागे जागा नाही, भावजी."

दिरांनी बटणांचा एक डबा मशीनपासून जरा बाजूला सरकवला. "मग माझी लेस?"

"पलंगाखाली चांगली राहते."

रविवारी बाईंनी जावयांना नवी ओळ दिली: 'मशीन आणण्याआधी फोन करून जागा आहे का ते विचारा.' जावयांनी ती जेवता जेवताच मोबाइलवरून टाकली.

"त्याच्याबरोबर ते फिरणारं रीळही काढून टाकू का, आई? माझं म्हणून तेवढंच उरलंय त्यात."

"या आठवड्यात एकच," बाई म्हणाल्या.