सातचा खटका

विमा कचेरीतून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांना सगळे खटकेराव म्हणत. जुन्या कीबोर्डच्या प्रत्येक बटणाखाली जो छोटा स्विच असतो, त्याला ते खटका म्हणत, आणि नुसत्या आवाजावरून तो कुठल्या देशातला, कुठल्या सुमाराचा ते सांगत. कुणी विचारलेलं नसलं तरी सांगत. घरातलं मोठं कपाट त्यांच्या कीबोर्डांनी बळकावलं होतं आणि बायकोचे कपडे पलंगाखाली गेले होते.

"मला तर बाई सगळे सारखेच वाजतात," असं ती म्हणाली की खटकेरावांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं.

एकदा ते दात साफ करून घ्यायला डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाहेर बाकावर मासिक चाळत बसले होते. काउंटरमागची बाई पेशंटची नावं, फोन नंबर टाइप करत होती. त्या खटखटाटात मध्येच असा काही भरदार, खणखणीत आवाज आला की खटकेरावांनी कान टवकारले. निळ्या दांडीचा जपानी खटका. वर्षानुवर्षं ते ज्याच्या मागावर होते, तोच. काउंटर उंच होतं. टाचा उंचावून ते डोकावायला लागले, तर बाई म्हणाली, "काका, बाथरूम त्या बाजूला."

परक्या बाईला 'तुमचा कीबोर्ड उघडून बघू का' असं विचारायचं तरी कसं? त्यापेक्षा दात दुखणं सोपं. खटकेरावांची आधी डावी दाढ दुखली, मग उजवी, मग सुळा. डॉक्टरीणबाई प्रामाणिक होत्या. नसलेलं दुखणं शोधता शोधता त्यांना एक खरोखरच किडलेली दाढ सापडली.

ती काढायच्या दिवशी खटकेराव इस्त्रीचा शर्ट घालून, गुणगुणत निघाले. बायकोने चपला पायात सरकवल्या. "मीही येते. दाढ काढायला एवढं नटून जाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही."

दवाखान्यात नवरा पुन्हा काउंटरवर ओणवा झाला, तेव्हा तिने शर्ट धरून त्यांना मागे ओढलं. "अहो, त्यांच्याकडे काय टक लावून बघताय?"

"त्यांच्याकडे नाही गं. त्यांच्या बोटांकडे."

बाईचा हात बटणांवरच थबकला. आता अब्रू वाचवायची तर खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. खटकेरावांनी सगळं सांगून टाकलं. बाई हसून हसून बेजार झाली आणि तिने कीबोर्ड उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

बटणांवरच्या टोप्या उपटायचा तारेचा चिमटा रोजच खिशात असायचा. त्यांनी एक टोपी उपटली. खालच्या खटक्याची दांडी पांढरी. दुसरी उपटली, तीही पांढरी, आणि माथ्यावर कारखान्याचा शिक्का नाही. शुद्ध नक्कल. आपल्याच कानांनी आपल्याला फसवलं, याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की आत बोलावल्यावर ते निमूटपणे खुर्चीत जाऊन पडले.

बाहेर बायको बसून राहिली. बाई सवयीने फोन नंबर मोठ्याने म्हणत टाइप करत होती. थोड्या वेळाने बायकोने मासिक बाजूला ठेवलं.

खटकेराव गालात कापूस कोंबून बाहेर आले, तेव्हा ती म्हणाली, "अहो, ते सातचं बटण काढून बघा बरं. त्या सात म्हणाल्या की वेगळंच वाजतं."

'तुला काय कळतंय त्यातलं' हे वाक्य कापसात अडकून राहिलं. त्यांनी टोपी उपटली. खाली दांडी निळी, माथ्यावर शिक्का.

"हां, सातचा खटका मध्यंतरी बंद पडला होता," बाईला आठवलं. "दुरुस्तीवाल्याने कुठल्यातरी मोडक्या कीबोर्डातला काढून बसवला."

"दबाद," खटकेराव म्हणाले. बायकोला ते 'जपान' असं कळलं.

दुसऱ्या दिवशी सोल्डरिंगचं सामान नेऊन त्यांनी तो एक खटका सोडवून घेतला आणि सातला आपल्या साठ्यातला दुसरा बसवून दिला.

आता नवा कीबोर्ड घरी आला की दोघंही डोळे मिटून ऐकतात आणि मग भांडतात. गेल्या आठवड्यात एका खटक्यावरून त्यांचा अबोला होता. उघडून पाहिला तर तैवानचा निघाला. बायकोचंच खरं होतं.