चार बोटं खालची गाठ

गावात मला थापाड्या म्हणतात, आणि तेही कमी करूनच म्हणतात. रोडरोलर घाटातून उतरवताना मला झोप लागली आणि रोडरोलरनं सगळी वळणं आपली आपण घेतली, ही गोष्ट मी पारावर इतक्यांदा सांगितली की आमच्या दूध सोसायटीच्या चेअरमनला ती खरी वाटली. म्हणून त्या दुष्काळात सोसायटीची गाडी निवडायला ते मला सोबत घेऊन बीडला निघाले.

दुष्काळ असा की बिंदुसरेच्या धरणात शेळ्या चरत होत्या आणि धुळीनं बेडूक शिंकत होते. निम्मं गाव ऊसतोडीला गेलतं. मागं राहिले ते दुधावर तग धरून होते. त्यात सोसायटीचा टेम्पो मोडला. सकाळी ठरल्या वेळेत बीडच्या शीतकरण केंद्रात दूध पोचलं नाही तर दार बंद.

"आता टेम्पो नगं," चेअरमन म्हणाले. "लांब मोटार बघू, मागं डिक्कीच्या जागी खोली असती तसली. सात कॅन मागं, आन् मी म्होरं. टेम्पोतून मीटिंगला गेलं की कुणी खुर्ची देत न्हाई बे."

माझी थोरली वहिनी लांबच्या वस्तीवर राहायची. दारात दोन म्हशी. त्यांच्या भरवशावर भावानं आणि तिनं त्या साली ऊसतोडीच्या मुकादमाला नाही म्हणून सांगितलं होतं. मी निघालो तेव्हा ती म्हणाली, "भावजी, एक कॅन संगं न्या. आत ठिवूनच बघा."

"गाडी बघाया कॅन घेऊन जाऊ? लोक म्हणतील रतीब घालाया आलाय."

ती हसली. अंबाडीची सुतळी घेऊन तिनं कॅनच्या बुडापासून झाकणापर्यंत ताणली आणि तिथं गाठ मारली. वहिनी डावखुरी. तिची गाठ सगळ्या जगाच्या उलट बसते. "हितवर उभी जागा पायजे," ती म्हणाली. "आडवा कॅन गळतोय."

बीडला जुन्या गाड्यांच्या आवारात तसल्या दोन मोटारी होत्या. पहिली म्हणजे चाकं लावलेली कणगीच. टप मागच्या दारापर्यंत सारखा उंच. सात कॅन आणि वर एक म्हैस बसली असती. पण स्टेअरिंग फिरवलं की गाडी आधी घरच्यांना विचारून यायची, मग वळायची. दुसरी ठेंगणी, मागं टप उतरता. मालक म्हणाला, घाटापर्यंत फिरवून आणा. पाली गाव मागं टाकलं, घाट लागला, आणि ती गाडी अशी वळली की मी गप्प झालो. वाढवून सांगायची गरज पडली नाही अशी माझ्या आयुष्यातली ती एकच गोष्ट. वळणाच्या आधी माझ्या मनात यायचं आणि ती वळलेली असायची.

परत आलो. चेअरमन पान खायला टपरीवर गेले. मी मागचं दार उघडून सुतळी उभी धरली. पुढं कॅनच्या मापाला जागा होती. दारापाशी मात्र टप गाठीच्या चार बोटं खाली. शेवटचे दोन कॅन उभे राहणार नव्हते.

मी गाठ सोडली. चार बोटं खाली दुसरी मारली.

चेअरमन आले, त्यांनी सुतळी धरून बघितली. "बसतंय की बे," म्हणाले. गाडी ठरली.

पहिल्या सकाळी अख्ख्या गावासमोर पाच कॅन आत गेले. सहावा आणि सातवा ठेवला तर दार लागेना. ते दोन लांबच्या वस्तीचे. टपावर बांधून बघितले, तर घाटातल्या हिसक्यांनी निम्मं दूध काचेवरून ओघळलं. दुसरी खेप करून बघितली, तर केंद्राचं दार बंद. चार दिवसांनी सोसायटीनं ठरवलं, तूर्त लांबच्या वस्तीचं दूध घ्यायचं नाही.

बैठकीत चेअरमननं सुतळी पुढं टाकली. "मापात बसलती. मग हे असं कावून झालं?"

माझं तोंड आपसूक सुटलं. "सुतळी उन्हानं आकसली. बीडचं ऊन लई वाईट. माझी चप्पलसुद्धा एक नंबर लहान झालीय."

लोक हसले. सुतळी हातोहात वहिनीकडं गेली. तिनं गाठीवरून अंगठा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. उजव्या हाताची गाठ ती. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी पायातल्या चपलेकडं बघितलं. ती चांगली ऐसपैस होती.

"व्हय," वहिनी म्हणाली. "मीच लई उन्हात टाकलती. आकसली आसंल. चूक माझी हाय."

दिराची लाज राखली तिनं. मी तोंड उघडायला हवं होतं. मोठमोठ्या सभांत बोललोय म्हणून फुशारक्या मारणारा मी, बैठक उठली तसा सगळ्यांच्या आधी बाहेर पडलो.

आठ दिवसांत म्हशी तिच्या माहेरी गेल्या आणि मुकादमाचा ट्रक सडकेला येऊन थांबला. वस्तीवरून सडकेपर्यंत सामान न्यायला चेअरमननं सोसायटीची गाडी दिली, चालवायला मला धाडलं. बोचकी, भांडी, ताडपत्री, कोयते, पिठाचा डबा. सगळं मागं बसलं. दार पहिल्या झटक्यात लागलं. दोन कॅन मावले नाहीत त्या जागेत त्यांचा अख्खा संसार मावला.

भाऊ सामान धरून मागंच दाटीवाटीनं बसला. वहिनी माझ्या शेजारी, चेअरमनच्या जागेवर. गाडी सडकेच्या वाटेला लागली. तशी ती म्हणाली, "भावजी, गाडी चालती मातर झ्याक."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

सडकेच्या अलीकडं एक वळण आहे. मी गाडी हळू घेतली, जमेल तितकी हळू. आणि खरं सांगतो, तेव्हासुद्धा वळताना माझ्या हातांना मजा आली.